आवाजाला बंदी असलेलं नाट्यगृह

आमच्या नाट्यगृहाच्या छताला पंख असलेल्या आठ बायका चिकटवलेल्या होत्या. गिलाव्याच्या. ज्या सावकाराने ते नाट्यगृह बांधलं त्याने विलायतेतल्या कुठल्यातरी रंगमंदिराचं चित्र पाहिलं होतं आणि पेठेतल्या कारागिरांना ‘हुबेहूब असंच करा’ म्हणून सांगितलं होतं. कारागिरांनी पऱ्या कधी पाहिल्या नव्हत्या, बायका पाहिल्या होत्या. त्यामुळे त्या पऱ्यांच्या नाकात नथ होती, डोक्यावर अंबाडा होता आणि चेहऱ्यावर लग्नघरात पंगत वाढायला उभं केल्याचा वैताग होता. खांब बिडाचे, त्यांना द्राक्षाचे वेल. रंगमंचाच्या कमानीवर दोन मोर आणि मोरांच्या मधोमध सावकाराचं राजचिन्ह. हे राजचिन्ह त्याला कोणत्याही राजाने दिलेलं नव्हतं.

पेठेत या वास्तूला ‘आशियातलं दुसरं’ म्हणत. पहिलं कुठे आहे, असं विचारणारा माणूस बाहेरगावचा समजला जाई.

एक गोष्ट मात्र खरी होती. तिथला आवाज. रंगमंचावर साध्या सुरात बोललेलं वाक्य वरच्या सज्ज्यातल्या शेवटच्या बाकावर जसंच्या तसं पोचत असे. हे कोणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. लाकडी छत, चुन्याचा गिलावा आणि नालाच्या आकाराचा सज्जा हे सगळं नक्कल करण्याच्या नादात एकत्र आलं आणि जमून गेलं.

माझी थोरली बहीण अकरा वर्षांची असताना तिने तिथे एका संगीत नाटकात राजपुत्राचं काम केलं होतं. एक पद आणि चार वाक्यं. मी सात वर्षांचा, आईशेजारी सज्ज्यात बसलो होतो. खाली, फार लांब, कागदी मुकुट घातलेली ताई दिसत होती, आणि तिचा आवाज मात्र माझ्या कानाशी होता. मी दोनदा मागे वळून पाहिलं, ती मागे तर बसली नाही ना म्हणून. त्यानंतर ताईचं शिक्षण झालं, लग्न झालं, बँकेत नोकरी झाली. नाटकाचं नाव घरात निघालं की ती पोळ्या लाटायला उठायची. ती पुन्हा कधी त्या रंगमंचावर गेली नाही, आणि जायचं होतं असंही कधी बोलली नाही.

नाट्यगृहाची उतरण मी जवळून पाहिली. संगीत नाटकं संपली तेव्हा सिनेमे आले. त्यासाठी मागची भिंत फोडून यंत्राची खोली केली गेली. सिनेमे मोठ्या थेटरांत गेले तेव्हा कामगार सभा आल्या. कारखाने थंडावले तशा त्याही आटल्या. देशाचं अर्थकारण मोकळं झाल्याची बातमी सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचली. आमच्या पेठेत ती प्रत्यक्ष आली ती याच नाट्यगृहात, निर्यातीतून उरलेल्या शर्टांच्या सेलच्या रूपाने. खुर्च्या बाजूला सारून मधे टेबलं मांडलेली, त्यावर शर्टांचे ढीग, आणि वरून नथवाल्या पऱ्या पाहताहेत. त्यानंतर संगणक क्लासांचे बक्षीस समारंभ आले. ज्याने फी भरली त्या प्रत्येकाला बक्षीस होतं.

आणि मग सत्कार आले. पुण्यात एखादा माणूस पुरेसा काळ जिवंत राहिला की त्याचा सत्कार टळत नाही. शाल, श्रीफळ, मानपत्र, मानपत्राचं वाचन, वाचणाऱ्याचा सत्कार. सत्कारांना आमच्या नाट्यगृहाहून योग्य जागा मिळाली नसती. दोघांच्याही अंगावर खोटी राजचिन्हं होती.

पडझड दिसू लागली तशी वास्तूच्या जतनासाठी एक समिती नेमण्यात आली. अध्यक्ष निवृत्त सरकारी अधिकारी होते. बसल्या जागी उजवा पाय सतत हलवायचे, आणि आपण एके काळी तीन जिल्हे हलवल्याचं सांगायचे. कार्यवाह मी. माझी निवड का झाली, तर मला पत्रं बरी लिहिता येतात आणि मी सभेत फार बोलत नाही. हे दोन गुण एकत्र असलेला माणूस समित्यांना हवाच असतो.

समितीला काम मिळालं ते एका लावणीच्या कार्यक्रमात. ढोलकी रंगात आली असताना छताजवळचा द्राक्षांचा एक घोस निखळला आणि प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर पडला. पाहुण्यांना लागलं नाही. त्यांना आधी तो सत्काराचाच भाग वाटला.

दुसऱ्या दिवशी एका मिस्त्रींना बोलावलं. यांच्या तीन पिढ्या पुण्यात चुन्याचं काम करणाऱ्या. आजोबांनी त्या पऱ्यांपैकी दोघींचे पंख केले होते म्हणत. मिस्त्री शिडीवरून छतात शिरले, तासाभराने धुळीने पांढरे होऊन खाली आले आणि अध्यक्षांना म्हणाले, “साहेब, वरची कौलं फुटलीत. पाणी मुरतंय. आतला चुना मेलाय. आधी कौलं बघा, बाकीचं मग.”

“ते आहेच हो,” अध्यक्ष म्हणाले. “पण घोस पडला तो ढोलकीच्या वेळीच ना?”

“साहेब, माझे वडील ओट्यावर बसल्या बसल्या गेले. ओट्यानं नाही मारलं त्यांना.”

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी लिहिलं, ‘मिस्त्रींच्या मताची नोंद घेण्यात आली.’ नोंद घेतली की ते मत पुन्हा विचारात घ्यावं लागत नाही.

कौलं न बदलण्याचं कारण पैशांची चणचण हे नव्हतं. खराडीला कचेरी असलेली एक सॉफ्टवेअर कंपनी नुकतीच आमच्या वारशाच्या प्रेमात पडली होती. तिथून गळ्यात ओळखपत्र अडकवलेली काही तरुण मंडळी आली, त्यांनी पऱ्यांचे फोटो काढले, ‘सो व्हिंटेज’ म्हणाली, आणि कंपनी हवी ती मदत करेल असं सांगून गेली. पण कौलं खालून दिसत नाहीत. त्यांच्यावर देणगीदाराचं नाव लावता येत नाही, त्यांचं अनावरण होत नाही. तेव्हा मोरांना सोनेरी रंग देण्यात आला, दाराशी संगमरवरी पाटी बसवण्यात आली, आणि छताच्या रक्षणासाठी समितीने एक नियमावली केली. ती माझ्या हस्ताक्षरात होती.

नियमावली अशी वाढत गेली. प्रथम ढोलकीवर बंदी आली. मग घुंगरांवर. नाच म्हटला की पाय आपटणं आलं, म्हणून नाचावर. एका सभासदाने तबल्याचं काय असं विचारलं. त्याला वाटलं होतं आपण सूट मागतो आहोत, पण तबला यादीत गेला. शेवटी टाळ्या. प्रेक्षकांनी टाळ्या न वाजवता दोन्ही हात वर करून दाद द्यावी, असा ठराव एकमताने झाला. त्यानंतरच्या पहिल्याच समारंभात मानपत्र वाचून संपलं आणि सगळं सभागृह हात वर करून उभं राहिलं. दरोडा पडलेल्या बँकेत असं दृश्य असावं. सत्कारमूर्ती गोंधळल्या आणि त्यांनीही हात वर केले.

भाषणांना बंदी नव्हती. ती ध्वनिक्षेपकावरून होत, आणि समोरच्या इराण्याच्या हॉटेलातही ऐकू जात. मी एकदा बैठकीत म्हणालो, “भाषणाने कंपनं होत नाहीत का?” अध्यक्ष म्हणाले, “व्याख्यान आणि ढोलकी यांत आपण फरक करणार की नाही?” मी फरक केला. अशा प्रकारे करमणुकीसाठी बांधलेल्या वास्तूचं करमणुकीपासून रक्षण झालं.

याच सुमारास बँकांनी माणसं कमी करायला सुरुवात केली होती आणि ताईने स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. मेहुणे आधीच गेलेले, मुलगी खराडीला संसारात. ताईबरोबर बँकेतून बाहेर पडलेल्या सहा बायका तिच्याकडे दुपारी जमायच्या. मला वाटायचं भिशी असेल. एक दिवस ताई म्हणाली, “अर्ज करते आहे. तुझ्याकडेच येईल, म्हणून आधी सांगते.”

“कसला?”

“नाट्यगृहाचा. नाटक लिहिलंय. दोन अंकी, संगीत. एका शाखेत पहिला कॉम्प्युटर येतो, त्याची पूजा करतात आणि मग तो सुरूच होत नाही. पदं आहेत. आमची कॅशियर तबला वाजवते.”

“ताई, तबला चालत नाही.”

“माहितेय. तुझीच नियमावली दाराशी लावलीये. अक्षर चांगलंय.”

“दुसरी कितीतरी सभागृहं आहेत. वातानुकूलित.”

तिने चहाचा कप खाली ठेवला. “हे बघ, मी हट्ट करणारी बाई नाही. पण मला एकदा, एकदाच, तिथं उभं राहून गायचंय. अकरा वर्षांची होते तेव्हा माझाच आवाज फिरून माझ्याकडे आला होता. तेव्हा घाबरून ओळ विसरले. आता घाबरणार नाही.”

बँकेत पासष्ट प्रकारच्या फॉर्मवर सह्या करून काढलेल्या आयुष्यात या बाईने हे इतकी वर्षं सांभाळून ठेवलं होतं, याची मला कल्पना नव्हती. मी म्हणालो, “बघतो.” समितीतला माणूस ‘बघतो’ म्हणतो तेव्हा तो कुठेही बघत नसतो, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक असावं.

अर्जावर बराच खल झाला. थेट नकार देणं अध्यक्षांना बरं वाटेना, कार्यवाहाची बहीण म्हणून. त्यांनीच तोड काढली. समितीसमोर एकदा पूर्ण नाटक करून दाखवावं, तबल्यासकट. त्या वेळी कंपनं मोजावीत आणि मग निर्णय घ्यावा. कंपनं मोजायची कशाने, तर स्टीलच्या पेल्याने. काठोकाठ पाणी भरलेला पेला सज्ज्याच्या लाकडी कठड्यावर ठेवायचा. पाण्यावर तरंग उठले तर वास्तूला धोका. तीन जिल्हे याच पद्धतीने हलवले असतील तर तिथल्या लोकांचं कसं झालं असेल, असं माझ्या मनात आलं. ठरावाचा मसुदा मात्र मी व्यवस्थित लिहिला.

शनिवारी सकाळी दहा वाजता समिती सज्ज्यात बसली. खाली खुर्च्या रिकाम्या. पेला अध्यक्षांच्या पुढ्यात. ताई आणि तिच्या मैत्रिणी रंगमंचावर आल्या; ताई शाखाधिकारी झाली होती, मेहुण्यांचा कोट घालून. दोन टेबलं, पुठ्ठ्याचा संगणक, त्याला झेंडूचा हार. पहिल्या पाच मिनिटांत मला कळलं की नाटक बरं आहे. बहिणीचं म्हणून नव्हे. संगणकाला नैवेद्य दाखवताना शिपाई झालेली बाई विचारते, “साहेब, याला उपास चालतो का?” तेव्हा समितीतले सगळ्यांत वयस्कर सभासद खुदकन हसले आणि लगेच खोकल्यासारखं करून गप्प झाले.

मग ताईचं पद. वय झालेला आवाज, वरच्या स्वरावर थोडा चिरणारा, पण तो उठला आणि त्या जुन्या चुन्यालाकडातून फिरून माझ्या कानाशी आला. तबला साथीला. ती पहिल्या आवर्तनानंतर क्षणभर थांबली, ऐकलं, आणि पुढची ओळ उचलली. विसरली नाही.

मी पेल्याकडे पाहिलं. पाणी स्वस्थ होतं.

पदाच्या दुसऱ्या कडव्याला अध्यक्षांना ताल आवडला असावा. त्यांचा उजवा पाय हलायला लागला. गुडघा कठड्याच्या लाकडाला लागत होता. पेल्यातल्या पाण्यावर गोल तरंग उठले.

“पाहिलंत?” अध्यक्ष हळूच म्हणाले. “पाहिलंत सगळ्यांनी?”

सगळ्यांनी पाहिलं. गुडघाही सगळ्यांनाच दिसत असणार. निदान मला स्पष्ट दिसत होता, मी शेजारीच होतो. ‘साहेब, पाय’ एवढे दोन शब्द बोलायचे होते. मी ते बोललो नाही. का, याचं कारण मी पुढे बरीच वर्षं शोधलं. भीती नव्हती, त्या माणसाच्या हातात माझं काहीच नव्हतं. त्याला अवघडल्यासारखं होईल, एवढंच. सभ्यपणाने मी आयुष्यात जितकी वाईट कामं केली तितकी दुष्टपणाने केली नाहीत.

नाटक संपलं. नियमाप्रमाणे आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. हात वर करण्याचीही कोणाला आठवण झाली नाही. सात बायका रिकाम्या सभागृहाला नमस्कार करून उभ्या होत्या आणि वर समिती कागद आवरत होती. मी इतिवृत्तात लिहिलं, ‘तबलावादनाच्या वेळी लक्षणीय कंपनं आढळली.’ नकाराचं पत्रही मीच लिहिलं. ‘आपल्या उपक्रमास आमच्या हार्दिक शुभेच्छा आहेतच’ हे वाक्य शेवटी होतं. ताईने ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, “जेवून जा, आमटी गरम करते.”

छत पडलं ते आषाढात. एका थोर नागरिकाची शोकसभा होती. सात भाषणं झाली, त्यांतली पाच भाषणं बोलणाऱ्यांच्या स्वतःच्या कार्याबद्दल. शेवटी सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. बाहेर पाऊस, आत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. त्या शांततेत वरून चार पऱ्या मधल्या रिकाम्या मार्गिकेत आल्या आणि कमानीवरच्या एका मोराचं धड रंगमंचापुढे पडलं. कोणाला इजा झाली नाही. ओला, काळा पडलेला चुना आणि त्यावर सोनेरी रंग.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी येऊन पाहून गेले. ढीग पायाने उकरला, मुठीत घेऊन चुरला. माझ्याकडे बघून म्हणाले, “काल ढोलकी कोण वाजवत होतं हो?” उत्तरासाठी ते थांबले नाहीत.

महापालिकेने नाट्यगृहाला टाळं लावलं. समिती मात्र चालूच राहिली, कारण आता जतन करण्याजोगं अधिक काही उरलं नसल्याने कामाचा बोजा कमी झाला होता. कंपनीने खराडीच्या आपल्या कँटीनमध्ये एका भिंतीवर त्या छताचा भलामोठा छापील फोटो लावला. लोक पऱ्यांखाली इडली खातात. मी राजीनामा देण्याचा विचार केला होता. पण दिला असता तर निरोपाचा सत्कार झाला असता.

ताईने नाटक केलं. मुलीच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, खराडीला, रविवारी संध्याकाळी. जमिनीवर बॅडमिंटनच्या रेषा, वर खोटं छत, त्यात पांढरे दिवे. पडदा म्हणून दोन चादरी. सोसायटीतली आयटीतली मुलं-मुली, त्यांचे आईवडील, काही विदर्भातून, काही मराठवाड्यातून आलेले. प्लास्टिकच्या खुर्च्या भरल्या होत्या. ताईने मला प्रास्ताविक करायला सांगितलं होतं. “दोन वाक्यं. तिसरं बोललास तर मी पडदा उघडेन.”

मी नाट्यगृहाच्या इतिहासावर पानभर लिहून नेलं होतं. उभा राहिलो तेव्हा ते खिशातून काढलं नाही. म्हणालो, “या नाटकाला ज्या समितीने सभागृह नाकारलं, तिचा मी कार्यवाह आहे. तबल्याने पाणी हललं असं मी लिहून दिलं, पण ते अध्यक्षांच्या गुडघ्याने हललं होतं आणि मी ते पाहिलं होतं.”

जोरदार टाळ्या पडल्या. प्रास्ताविक संपलं की टाळ्या वाजवायच्या असतात, एवढंच प्रेक्षकांना समजलं होतं. एक मुलगी मोबाइलवर बोलत होती, तिनेही एका हाताने मांडीवर थापटलं. मी खाली बसलो. चादर बाजूला झाली आणि कोट घातलेली ताई बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

नाटक रंगलं असं म्हणता येईल. उपासाच्या वाक्याला सगळे हसले. मधेच पहारेकरी आत आला आणि दारात लावलेली गाडी हलवायला सांगून गेला. ताईचं पद तिसऱ्या रांगेच्या मागे नीट पोचत नव्हतं. मागचे लोक माना पुढे काढून ऐकत होते. तिने दोन वेळा आवाज चढवून पाहिला आणि दोन्ही वेळा तो चिरला. तरी तिने पद अर्धवट सोडलं नाही.

नंतर आम्ही सामान खाली पार्किंगमध्ये आणत होतो. मी पुठ्ठ्याचा संगणक धरला होता, ती कोटाची घडी घालत होती. मी म्हणालो, “ताई, ते गुडघ्याचं. मला आधीच सांगायला हवं होतं.”

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “रंगमंचावरून सज्जा स्वच्छ दिसतो. तुम्हा लोकांना वाटतं तुम्हीच आम्हाला बघता.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“तू बोलशील म्हणून थांबले होते.” तिने कोट पिशवीत घातला आणि गाडीची डिकी उघडली. “आडवा ठेव तो, उभा नाही बसणार. आणि भाड्याने माइक देणारा कोणी ओळखीचा असेल तर बघ. पुढच्या महिन्यात वडगावशेरीला बोलावलंय. बघतो म्हणू नकोस, नंबर दे.”

मी नंबर दिला.